घरच्या हॉट टबला परवानगी लागते का? गच्चीवर बसवायचा विचार आहे

ओलीपावलं

नमस्कार मंडळी,

वडिलांचे गुडघे गेली काही वर्षं फार दुखतात. फिजिओथेरपिस्टने कोमट पाण्यात व्यायाम करायला सांगितलाय, त्याचा गुणही येतोय, पण दर वेळी त्यांना बाहेर नेणं-आणणं आता जड जातं. म्हणून घरीच हॉट टब घ्यायचं चाललंय. फायबरचा तयार टब, पाच माणसं बसतील असा, २.१ मीटर बाय २.१ मीटर. पाणी साधारण १४०० लिटर. जागा गच्चीवर, कारण खाली गाडी उभी असते.

विकणाऱ्याला परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हे बांधकाम नाहीच. फ्रीज आणल्यासारखं आहे. आणायचा, पाणी भरायचं, प्लग लावायचा." ऐकायला बरं वाटलं, पण मनाला पटलं नाही. चार वर्षांची भाची रोज आमच्याकडे असते.

परवानगी खरंच लागत नाही का? लागत असेल तर कुणाची? आणि कागदाचं बाजूला ठेवलं तरी आपलं आपण काय काय तपासून घ्यायचं? ज्यांच्याकडे टब आहे त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. अजून पैसे दिलेले नाहीत.

नकाशावाला

ताई, पैसे दिले नाहीत हे फार चांगलं झालं. इंजिनियरने लेखी दिल्याशिवाय टब गच्चीवर चढवू नका.

हिशोब तुम्हीच करून बघा. १४०० लिटर पाणी म्हणजे १४०० किलो. रिकामा टब आणि त्यातला पंप-हीटर मिळून ३५० किलो धरा. पाच माणसं सरासरी ७५ किलोची, म्हणजे ३७५. झाले २१२५ किलो, आणि तेही ४.४ चौरस मीटरवर. चौरस मीटरला ४८० किलोच्या आसपास पडतात. आता भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी वापराचा भार धरलाय चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. राहत्या खोलीला २ किलोन्यूटन. अमेरिकेत घराच्या डेकला चौरस फुटाला ४० पौंड धरतात, ते चौरस मीटरला १९५ किलो होतात. देश कुठलाही घ्या, साधी गच्ची भरलेल्या टबाचा विचार करून बांधलेली नसते.

यावर नेहमी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, "गच्चीवर पन्नास माणसं जमतात तेव्हा काही होत नाही." माणसं पसरून उभी राहतात आणि रात्री आपापल्या घरी जातात. पाणी चोवीस तास, बारा महिने तिथंच. सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत जातं, वॉटरप्रूफिंगला केसासारख्या चिरा पडतात, सळईपर्यंत ओल पोचते, आणि खालच्या खोलीच्या छताला डाग दिसेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. दुसरं, "मग पाण्याची टाकी कशी चालते?" टाकी नीट बसवलेली असेल तर ती बीमवर, कॉलमच्या डोक्यावर असते. टब मात्र जिथून दृश्य चांगलं तिथे, म्हणजे बहुतेक वेळा स्लॅबच्या बरोब्बर मध्यावर ठेवला जातो.

परवानगीचं म्हणाल तर विक्रेता अर्धं खरं बोललाय. सुटा, उचलून नेण्याजोगा टब हा बऱ्याच ठिकाणी बांधकामात धरत नाहीत. पण नियम तेवढ्यावर थांबत नाही. पाणी किती खोल, वीज कायमच्या जोडणीची की प्लगवरची, आणि टब कशावर उभा आहे, यावरून वेगवेगळ्या खात्यांचा संबंध येतो. ऑस्ट्रेलियात पाणी ३०० मिलिमीटरहून खोल भरता येत असेल तर तो टबही मुलांच्या सुरक्षेच्या नियमांत येतो. अमेरिकेत अनेक गावांनी स्वीकारलेल्या नमुना संहितेत ही खोली २४ इंच आहे. कायमची वायर ओढायची असेल तर तिथे बहुतेक ठिकाणी विजेच्या कामाचा वेगळा परवाना लागतो, टब सुटा असला तरी.

आणि एक अनुभवाचं सांगतो. कार्यालयात जाऊन "हॉट टबला परवानगी लागते का?" असं विचारू नका. समोरच्याने कधी ऐकलेलं नसतं, तो "नाही" म्हणून मोकळा होतो. आकडे घेऊन जा. पाण्याची खोली, भरल्यावरचं वजन, विजेचा भार, हद्दीपासूनचं अंतर, पाणी कुठे सोडणार. मग तो माणूस खुर्चीत सरळ बसतो.

आडवाट

मला हे सगळं थोडं जास्त वाटतंय, मोकळेपणाने बोलतो. आमच्याकडे चार वर्षं टब आहे. कुणाला विचारलं नाही, कुणी विचारायला आलं नाही. घरातल्या बाथटबला आपण परवानगी काढत नाही, गीझरला काढत नाही. आपल्या घरात आपण पाण्यात बसायचं, त्यात नगरपालिकेचा काय संबंध? ओलीपावलं ताईंच्या वडिलांना दुखतंय आज, आणि आपण त्यांना सहा महिने कागद गोळा करायला लावणार.

नकाशावाला यांचा वजनाचा मुद्दा मात्र मान्य. आमचा जमिनीवरच आहे.

सायली_सावली

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच विचार चाललाय.

वायरमन_काका

@आडवाट, बाथटबात पंप नसतो, हीटर नसतो आणि आंघोळ झाली की पाणी सोडून देता. इथे माणसं पाण्यात बसलेली असताना त्याच पाण्याला लागून दोन-तीन किलोवॉटचा, कधी त्याहून मोठा हीटर चालू असतो. ओल्या अंगाची रोधशक्ती फार कमी. कोरड्या हाताला जो झटका नुसता चटका वाटतो, तो पाण्यातल्या माणसाला हलू देत नाही.

एका घरी बोलावणं आलं होतं. बाई म्हणाल्या, नुसतं पाण्यात बसलं तर काही होत नाही, पण बसल्या जागेवरून शेजारच्या स्टीलच्या रेलिंगला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. घरच्यांना वाटलं, गरम पाण्याने होत असेल. महिनाभर त्या तशाच बसत होत्या. मी मीटरची एक पिन पाण्यात धरली, एक रेलिंगला. काटा वीस व्होल्टच्या वर. टबाची पेटी उघडली. हीटरच्या कॉइलला तडा गेलेला. अर्थची हिरवी वायर पेटीपर्यंत आली होती, पण स्क्रूखाली नव्हती. सोललेलं टोक तसंच लोंबत होतं. आणि आधीच्या माणसाने सप्लाय जवळच्या एसीच्या पॉइंटवरून ओढला होता, आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारं उपकरण, नाहीच. परवाना काढून तपासणी झाली असती तर ही लोंबती वायर पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती. माझ्या लेखी परवान्याचा उपयोग हा, की टाकलेलं काम दुसऱ्या जाणत्या माणसाने डोळ्यांनी बघणं.

आता कामाचं. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच, माणूस वाचवत नाही, वायर वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी पडायच्या कितीतरी आधी, त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी करंटला, माणसाचं हृदय बंद पडू शकतं. म्हणून आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा, आणि तो फक्त या टबासाठी वेगळा. अमेरिकेत याच कामासाठी जे जीएफसीआय वापरतात ते तर ५ मिलिअँपिअरच्या आसपास तोडतात. दुसरं, बाँडिंग. अर्थिंग म्हणजे चुकार करंटला परतीची वाट. बाँडिंग म्हणजे टबाजवळचं जेवढं धातूचं आहे तेवढं सगळं, रेलिंग, शिडी, पंपाची बॉडी, लोखंडी पाइप, खालच्या काँक्रीटमधली सळई, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून टाकणं. मग एक हात पाण्यात आणि एक रेलिंगवर असला तरी दोघांत व्होल्टेजचा फरकच उरत नाही. त्या बाईंकडे नेमकं हेच नव्हतं.

अंतरं पण लक्षात ठेवा. युरोप, भारत वगैरे ठिकाणी ज्या आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाच्या पद्धतीने चालतं तिथे टबाच्या कडेपासून २ मीटरचा पहिला पट्टा आणि त्यापुढे आणखी १.५ मीटरचा दुसरा. साधा सॉकेट या दोन्हींच्या बाहेर ठेवा, प्रश्नच मिटला. अमेरिकेच्या विजेच्या संहितेत बंद करायचा स्विच टबावरून दिसला पाहिजे, पण पाण्यापासून किमान ५ फूट लांब. म्हणजे बाहेरच्या माणसाला झटकन सापडावा आणि आतल्याचा ओला हात पोचू नये. एक्स्टेंशन बोर्डावर टब चालवायचा नाही, एक दिवससुद्धा नाही.

आडवाट, तुमच्याकडे आरसीसीबी असेलच. त्यावर टेस्टचं बटण असतं. शेवटचं कधी दाबलं होतं?

आडवाट

काका, आत्ता जाऊन दाबलं. टब चालू होता. काहीच झालं नाही. तीन-चारदा जोर लावून दाबलं, तरी पडला नाही.

वायरमन_काका

मेन बंद करा. टबाचा सप्लाय डीबीपासून, म्हणजे घरच्या स्विचच्या मुख्य पेटीपासून, सोडवून ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत कुणालाही पाण्यात हात घालू देऊ नका. मुलं असतील तर झाकण लावून कुलूप. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आडवाट

केलं बंद. हात थरथरतायत लिहिताना. काल संध्याकाळी दोन्ही मुलं त्यात होती.

शेवंती

आडवाट, तुम्ही बटण दाबून बघितलंत आणि इथे सांगितलंत, हे फार मोलाचं आहे. मुलं ठीक आहेत ना, बस.

मी वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायला आले होते. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. लांब केस, मोकळे सोडलेले. टबाच्या तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी असते, तिच्याजवळ ती श्वास रोखून बसायचा खेळ खेळत होती. केसांची बट जाळीतून आत गेली आणि गुंतली. डोकं वर येईना. मी शेजारीच होते म्हणून निभावलं. स्विच कुठे आहे ते मला माहीत नव्हतं! नवऱ्याने धावत जाऊन मेन पाडला तेव्हा ओढ सुटली. केस कापून काढावे लागले. नंतर बघितलं तर जाळीचा एक कोपरा तुटलेला, तिथे दोन बोटं जातील एवढं भोक. तो कधी तुटला कुणालाच माहीत नाही.

अमेरिकेत २००२ साली ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनवर ओढली जाऊन बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ च्या डिसेंबरमध्ये तिच्याच नावाने कायदा झाला. त्या कायद्याने तिथे विकली जाणारी ड्रेनची जाळी ठरलेल्या मानकाची असावी लागते. बहुतेक सपाट नाही, फुगीर, म्हणजे अंगाने पूर्ण झाकली जाणार नाही अशी. शिवाय पाणी एकाच भोकातून न ओढता दोन लांब लांब भोकांतून ओढायचं, म्हणजे एक झाकलं गेलं तरी दुसऱ्याने ओढ वाटली जाते. आमच्याकडे प्रसंग घडल्यावर मी हे सगळं वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

ताई, एक करा. या जाळीला आयुष्य असतं. प्लास्टिक उन्हाने आणि क्लोरीनने ठिसूळ होतं. चांगल्या जाळीवर किती वर्षं वापरायची ते साच्यातच कोरलेलं असतं. टब घेताना टॉर्च लावून तो आकडा वाचा. भाचीचे केस वर बांधल्याशिवाय तिला पाण्यात सोडू नका. खरं तर पाच वर्षांच्या आतल्या मुलांना हॉट टबात घालूच नये असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं सांगणं आहे. त्यांचं अंग फार लवकर तापतं.

सायली_सावली

शेवंती, वाचून अंगावर काटा आला. झाकणाबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे दाखवलेल्या टबाचं झाकण नुसतं वर ठेवायचं होतं, फोमचं. कडी-कोयंडा काही नाही.

नकाशावाला

तसलं झाकण पाणी गरम ठेवण्यासाठी असतं, मूल अडवण्यासाठी नाही. उलट मूल त्यावर चढतं, झाकण मधोमध दुमडतं आणि मूल खाली जाऊन झाकण पुन्हा वर बसतं. बाहेरून बघणाऱ्याला टब बंदच दिसतो.

मुलांपासून पाणी वेगळं ठेवायचे दोन मार्ग नियमांत दिसतात. कुंपण किंवा कुलपाचं झाकण. कुंपणाचं गणित अमेरिकेच्या नमुना संहितेत असं : उंची किमान ४८ इंच, कुठल्याही फटीतून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं. बाहेरच्या बाजूला का? मूल दारावर रेललं तर ते ढकलून आत जाऊ नये म्हणून. कुलपाचं झाकण मानकाप्रमाणे मजबूत असेल तर ती संहिता टबाला कुंपणातून सूट देते. न्यूझीलंडमध्ये १ जानेवारी २०१७ पासून जो कायदा आहे त्यात छोट्या गरम टबाला, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ५ चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल आणि बाजू जमिनीपासून किमान ७६० मिलिमीटर उंच असेल तर, कुलपाच्या झाकणावर भागतं. ही उंची बघताना बाजूला ठेवलेली पायरी, कुंडी, खुर्ची यांचाही विचार करायचा. पायरी लावली की मुलाच्या दृष्टीने ती उंची गेलीच.

सायली, ताई, दोघींनाही सांगतो : गावाच्या नियमात झाकण पुरत असो वा नसो, चार पट्ट्यांचं, बकलला किल्ली असलेलं झाकण घ्या.

निळंपाणी

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून एक बाजू राहिलीय ती लिहिते. वडील वयस्कर आहेत म्हणून मुद्दाम.

लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो. हॉट टबचं तापमान नेमकं त्यातच. वरून जेट पाण्याचे बारीक तुषार उडवतात आणि ते श्वासातून फुप्फुसात जातात. पाणी प्यायची किंवा टबात उतरायचीही गरज नसते. १९९९ साली नेदरलँड्समध्ये बोवेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या हॉट टबमुळे अशी साथ आली की दोन डझनांहून अधिक माणसं गेली. त्यांतली बहुतेक फक्त टबाजवळून चालत गेली होती. २०१९ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या एका जत्रेतही विक्रीसाठी मांडलेल्या टबांशी साथीचा संबंध निघाला. पन्नाशीनंतरच्या लोकांना, धूम्रपान करणाऱ्यांना, फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांना धोका जास्त.

म्हणून रोज, किंवा निदान वापरण्याआधी प्रत्येक वेळी, पट्टी बुडवून बघायची. मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग), ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८, पीएच ७.० ते ७.८. गरम पाण्यात क्लोरीन फार लवकर उडतं, पोहण्याच्या तलावाचा अंदाज इथे चालत नाही. टबाच्या भिंतीवर बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर नुसतं क्लोरीन वाढवून भागणार नाही, त्या थराखाली जिवाणू सुखरूप असतात. पाणी सोडा, घासा, पाइप धुवा, फिल्टर बदला, मग पुन्हा भरा. आणि दोन वेगळ्या प्रकारची क्लोरीनची पावडर एका डब्यात कधीही मिसळू नका, पेट घेते.

तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर न्यायचं नाही. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना टबाचं सांगून विचारा, कारण गरम पाण्याने रक्तदाब आणखी उतरतो आणि बाहेर येताना उभं राहिल्यावर चक्कर येते. घसरून पडणं त्यातूनच होतं.

अवांतर : जुनं पाणी सोडताना क्लोरीन शून्यावर येऊ द्या. झाकण उघडं ठेवून एक-दोन दिवस थांबलं की येतं. पावसाच्या गटारात सोडायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, कारण ते थेट ओढ्या-नदीत जातं.

ओलीपावलं

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय, सांगण्यासारखं झालं म्हणून.

इंजिनियरला घरी बोलावलं. त्यांनी गच्चीवर जाऊन नुसते बीम कुठे आहेत ते बघितलं, खडूने रेघा मारल्या आणि म्हणाले, मी सही करणार नाही. गच्ची रद्द. गाडी आता रस्त्यावर उभी राहते आणि टबासाठी तिच्या जागी काँक्रीटचा ओटा होतोय. वडिलांना जिनाही चढावा लागणार नाही, हे आधी आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कार्यालयात पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी असा अर्ज कधी आलाच नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा नकाशावाला यांनी सांगितलं तसे आकडे एका पानावर लिहून नेले. मग मात्र आत पाठवलं. ओटा हद्दीपासून किती अंतरावर, पंपाचा आवाज शेजारच्या खिडकीकडे जातो का, पाणी कुठे सोडणार आणि विजेचं काम परवानाधारक माणूस करतोय का, एवढं त्यांनी विचारलं. ओट्याची जागा शेजाऱ्यांच्या बाजूने एक मीटर आत घ्यायला लावली. सगळं मिळून दोन आठवडे गेले, सहा महिने नाही.

विक्रेत्याला जाळीवरचा आकडा दाखवायला सांगितला. त्याला जाळी कुठे असते हेच माहीत नव्हतं. दुसरीकडून घेतोय. तिथल्या माणसाने स्वतःहून झाकणाची किल्ली काढून दाखवली. वडिलांसाठी आतली पायरी खरखरीत आणि दोन्ही हातांना धरायला दांडे. दांडे स्टीलचे आहेत, काका, बाँडिंगच्या तारेला जोडायला सांगितलेत.

वायरमन_काका

छान केलंत. ओटा ओतायच्या आधी सळईला तार जोडून घ्या आणि फोटो काढून ठेवा. एकदा काँक्रीट पडलं की मग कुणालाच दिसत नाही.

आडवाट

मीही सांगतो माझं. इलेक्ट्रिशियनने जुना आरसीसीबी काढून माझ्यासमोर उघडला. आतली यंत्रणा गंजून जाम झालेली. बाहेरच्या पेटीचं रबर वाळलं होतं, चार पावसाळे पाणी आत जात होतं. नवा लावला, पेटीही नवी. तीनदा बटण दाबलं, तिन्ही वेळा पडला. कॅलेंडरवर दर महिन्याच्या १ तारखेला खूण केलीय. आणि आता कार्यालयात जाऊन रीतसर तपासणीचा अर्जही दिलाय.

वायरमन_काका

आडवाट, त्या माणसाला अर्थचीही मोजणी करायला सांगा. बटण दाबून आरसीसीबी पडतो का तेवढंच कळतं. अर्थची वायर टबाच्या पेटीत स्क्रूखाली आहे की लोंबतेय, ते बटण सांगत नाही.